आणि इतर ३

जेवण मागवलं की बिलात खाली एक ओळ दिसते, 'कर आणि इतर शुल्क', आणि तिच्या टोकाला बारीकसा बाण. बाणावर बोट ठेवलं की आतून चार ओळी निघतात: जीएसटी, डिलिव्हरी, पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी. पुन्हा बोट ठेवलं की सगळं गुडूप. दिवसभरात आपण अशा कितीतरी घड्या उघडतो आणि त्याहून जास्त घड्या न उघडता पुढे सरकतो. वेबसाइटचं काम करणारे याला अकॉर्डियन म्हणतात, कारण त्या वाद्याच्या भात्यासारखी ही यादी पसरते आणि मिटते. मी आपलं 'घडीची यादी' म्हणतो.

करायला ती फार सोपी. एचटीएमएलमध्ये 'डीटेल्स' नावाचा टॅग आहे, त्याच्या पोटात 'समरी' नावाचा दुसरा. समरीत जे लिहाल ते बाहेर दिसतं, उरलेलं घडीत जातं. क्रोमला हे २०११ पासून येतं, फायरफॉक्सला २०१६ पासून. मायक्रोसॉफ्टचा एज २०२० साली क्रोमच्याच इंजिनावर आला आणि उरलीसुरली अडचणही संपली. पूर्वी यासाठी जावास्क्रिप्ट खरडत बसावं लागे, आता चहाला उकळी येईपर्यंत काम होतं. वेळ लागतो तो एका प्रश्नाला, आणि त्याचं उत्तर कोडमध्ये मिळत नाही. समरीत कोणाला ठेवायचं?

बदलापूर पूर्वेला, शिरगावात, एका सोसायटीसाठी मी छोटंसं वेब अ‍ॅप करून दिलं. मेंटेनन्सची बिलं, नोटिसा, टँकरचा हिशेब, सभासदांची यादी. ८४ फ्लॅट, एकेका फ्लॅटला दोन-तीन नावं. फोनवर ती यादी उघडली की अंगठा दुखेपर्यंत खाली जावं लागे. कमिटीनं सांगितलं, "एका फ्लॅटला एकच नाव दाखव. बाकीची बाण दाबला की येऊ देत." मागणी रास्त होती. सहा इंचांच्या स्क्रीनवर कोणाला तरी आत जावंच लागणार. मी विचारलं, बाहेर कोणाचं नाव? सेक्रेटरींना प्रश्नच कळेना. "अरे, पहिलं नाव. शेअर सर्टिफिकेटवर जे पहिलं आहे ते."

सहकारी सोसायटीत या पहिल्या नावाला वजन आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर असला तरी मत एकच, आणि ते सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं त्याचं. तो सभेला आला नाही तर पुढच्या नावाचं. म्हणजे सेक्रेटरी मनचं काही सांगत नव्हते. मी माझ्या लॅपटॉपवर तशी यादी करून पाहिली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. पुरुष, पुरुष, पुरुष, मध्येच एक बाई, पुन्हा पुरुष. ज्या बाया दिसत होत्या त्या बहुतेक एकट्या राहणाऱ्या, नाहीतर नवरा गेलेल्या. थोडे अलीकडे विकत घेतलेले फ्लॅट मात्र उलटे निघाले. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्या फ्लॅटांवर एकट्या बायकोचं नाव होतं, नवरा घडीच्या आतसुद्धा नव्हता. यादी चुकली म्हणून पहिला फोन यांच्यापैकीच कोणाचा तरी येणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

बाकीच्या घरांत बायको सकाळची लोकल पकडते, हप्त्याचा वाटा तिच्या पगारातून जातो, कर्जाच्या कागदांवर बँकेनं तिच्याही तितक्याच सह्या घेतलेल्या असतात. यादीत ती बाणामागे.

"एक टॅपच तर आहे," खजिनदार म्हणाले. घडीच्या बाजूनं जे काही बोलता येतं त्यातलं सगळ्यात बळकट वाक्य हेच आहे. आत ठेवलंय, फेकलेलं नाही, ज्याला हवं त्यानं उघडावं. पण ज्याला आत कोणी आहे हेच ठाऊक नाही, तो उघडणार कशाला?

या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे आधीपासून एक लॅमिनेट केलेला कागद होता. फ्लॅट नंबर आणि पहिलं नाव, बस. एकदा माझ्यासमोर पोस्टमन स्पीड पोस्ट घेऊन आला. पाकिटावर एका बाईंचं नाव, फ्लॅटचा आकडा पावसानं फिसकटलेला. वॉचमननं कागदावरून बोट फिरवलं, सावकाश, वरून खाली, आणि म्हणाला, "असं कोणी राहत नाही इथं." त्या बाई तिथं बारा वर्षं राहत होत्या. वॉचमनचा यात काही दोष नव्हता, त्याच्या कागदावर त्या नव्हत्याच. कमिटीला अ‍ॅपमध्ये जी घडी हवी होती ती कागदावर कधीच पडून गेली होती. कागदाला फक्त बाण नव्हता.

स्क्रीनवरही बाण सगळ्यांना सारखा दिसत नाही. घडी जुन्या पद्धतीनं, म्हणजे मजकूर 'डिस्प्ले नन' करून घातली, तर ब्राउझरच्या शोधाला आतलं नाव सापडत नाही. ते पानावरच नाही असं तो सांगतो. क्रोमनं २०२२ मध्ये अशी सोय केली की शोधलेला शब्द 'डीटेल्स'च्या घडीत असेल तर घडी आपोआप उघडते. म्हणजे दहा वर्षं ती तशी उघडत नव्हती. घडी बंद असताना पान छापलं तर कागदावर फक्त बाहेरची ओळ उमटते. आणि ज्यांना दिसत नाही, जे स्क्रीन रीडरवर ऐकून वाचतात, त्यांना इथं काहीतरी मिटलेलं आहे हे कळण्यासाठी 'एरिया-एक्सपांडेड' नावाची खूण लागते. 'डीटेल्स'मध्ये ती माहिती ब्राउझर स्वतः पुरवतो, पण हातानं बनवलेल्या घडीत अनेक जण ती टाकायचीच विसरतात. मग डोळसाला जिथं बाण दिसतो तिथं अंधाला भिंत लागते. 'एक टॅप' ही किंमत माणसागणिक बदलते.

ही किंमत किती वाढू शकते ते बघायचं तर सातबाऱ्याकडे जावं. आपल्याकडची सगळ्यात मोठी घडीची यादी तीच आहे. शिरगावात आज जिथं पार्किंगसाठी भांडणं होतात तिथं काही दशकांपूर्वी शेतं होती, आणि शेताला सातबारा असतो, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. जुन्या उताऱ्यांवर खातेदाराच्या नावापुढे तीन अक्षरं असत: ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारले, चार भाऊ, दोन बहिणी, आई. लावलं मोठ्या भावाचं नाव आणि पुढे ए.कु.मॅ. सोय होती, तलाठ्याला सात नावं लिहायला नकोत, सारा भरायला एकाला धरलं की झालं. त्या तीन अक्षरांत सहा माणसं मिटलेली असत आणि ती किती आहेत हेही वरून कळत नसे. पुढे तो मोठा भाऊ गेला की वारस म्हणून त्याच्या मुलांची नावं लागत. भाऊ तिथंच आत राहत आणि एका पिढीनंतर त्यांचं असणं कागदाला आठवेनासं होई. जमिनीला भाव आला की मग पुतणे-चुलते कोर्टात. ही घडी उघडायला वारस नोंद लागते, फेरफार लागतो, तलाठ्याकडे खेटे लागतात, कधी वीस-तीस वर्षांचा दावा लागतो. उघडता येत होती का? येत होती. खजिनदारांच्या भाषेत तो एक टॅपच.

बहिणींसाठी याच कागदावर दुसरी जागा होती, 'इतर हक्क'. भावांची नावं कब्जेदार म्हणून डावीकडे, बहिणींची इतर हक्कात, जिथं विहिरीतला हिस्सा, बँकेचा बोजा आणि सोसायटीचं पीककर्जही नोंदलेलं असतं. रकान्याचं नावच 'इतर'. कायदा मात्र हळूहळू उघडत गेला. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, १९९४ मध्ये महाराष्ट्राची त्यात दुरुस्ती, २००५ मध्ये केंद्राची, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे, २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. या सगळ्या काळात हक्कसोडपत्रं चालूच राहिली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' काढली, नवऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा. आणि २०२५ मध्ये महसूल विभागाला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम घ्यावी लागली, मयत खातेदारांच्या जागी त्यांच्या वारसांची नावं लावायला. सातबाऱ्यावर मेलेली माणसं बाहेर आणि जिवंत माणसं आत, इतकी जुनी ती घडी झाली होती.

आपली भाषासुद्धा यात तयार आहे. 'अमुक वगैरे'. हा 'वगैरे' अरबीतून आला. 'व' म्हणजे आणि, 'गैर' म्हणजे दुसरा, वेगळा. तोच गैर आपण गैरहजर शब्दात वापरतो. कोर्टाच्या पाट्यांवर 'व इतर', लग्नपत्रिकेवर 'समस्त परिवार', फोटोखाली 'आणि मान्यवर'. माणसांना मिटायला आपल्याकडे शब्दांची टंचाई कधीच नव्हती.

इतकं लिहिल्यावर असं वाटेल की घडी ही गोष्टच वाईट, सगळं उघडं हवं. मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण त्याच अ‍ॅपमधली दुसरी यादी: थकबाकीदार. ती मात्र कमिटीला उघडी हवी होती. पहिल्याच पानावर, नाव, फ्लॅट नंबर, रक्कम, तांबड्या अक्षरात. नोटीस बोर्डावर अशी यादी लावायची चाल बऱ्याच सोसायट्यांत आहे. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाच्या घरी डायलिसिस चालू असतं, कोणी खरंच बेपर्वा असतो. तांबड्या अक्षरात ते सगळे सारखे दिसतात. शाळेतून येणारं पोर लिफ्टची वाट बघताना बापाचं नाव वाचतं. मी म्हटलं, ही यादी आत घालू या. वर फक्त एकूण थकबाकी दिसू दे, नाव ज्याचं त्याला आणि कमिटीला. खजिनदारांनी मला माझंच वाक्य परत दिलं: "सभासदांची नावं उघडी हवीत आणि बुडव्यांची झाकायची? हे कुठलं तत्त्व?"

प्रश्न योग्य होता. तत्त्व सांगता आलं नाही तर ती नुसती माझी आवड झाली असती.

जुन्या घरांत ओटी असते आणि माजघर असतं. आला-गेला ओटीवर बसतो, माजघर आत. ही घडीच आहे, आणि ती एकाच वेळी आडोसाही असते आणि कोंडवाडाही. बाळंतिणीला तिथं निवांतपणा मिळतो. त्याच खोलीत दुसऱ्या एखाद्या बाईचं आयुष्य निघून जातं आणि ओटीवर काय ठरलं ते तिला संध्याकाळी कळतं. भिंती त्याच, उंबरा तोच. फरक कशानं पडतो? मला वाटतं, कडीनं. कडी आतून आहे की बाहेरून. ज्याला आत ठेवलंय त्याला हवं तेव्हा बाहेर येता येत असेल आणि नको तेव्हा आत राहता येत असेल, तर तो आडोसा. कडी दुसऱ्याच्या हातात असेल तर जागा कितीही सुखाची असली तरी तो बंदिवास. थकबाकीदाराचं नाव आत ठेवलं तर कडी त्याच्या बाजूनं आहे, त्याची मर्जी असेल तर तो स्वतः गच्चीवर उभा राहून सांगू शकतो. ३०४ मधल्या बाईंचं नाव आत गेलं तेव्हा त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

याच कसोटीला तडा देणारं एक प्रकरण त्याच सोसायटीत निघालं. अ‍ॅपमध्ये नावं येणार असं कळल्यावर एका ताईंनी कमिटीतल्या एका काकूंकडून निरोप पाठवला की माझं नाव बाहेर नको. फ्लॅट त्यांचा आणि भावाचा मिळून. मागे सोडून आलेल्या घरातली माणसं त्यांचा पत्ता शोधत होती. मी नुकताच अभिमानानं असा शोध बसवला होता की घडीतलं नावही सापडावं, म्हणजे वॉचमनला पुन्हा 'असं कोणी राहत नाही' म्हणावं लागू नये. या ताईंना नेमकं तेच हवं होतं, वॉचमननं तसंच म्हणावं. एका बाईचा अपमान करणारं वाक्य दुसरीला जिवाचं रक्षण वाटत होतं. मग कळतं की 'बायकांची नावं वर आणा' हाही एक बाहेरून लावलेला निर्णयच आहे, फक्त भल्या मनानं घेतलेला. ज्याची त्याला कडी द्यायची तर तिला आत राहण्याचीही द्यावी लागते.

तरीही कडीवर सगळं सोपवून मोकळं होता येत नाही, कारण आपली कडी आतून लावून बसणारा प्रत्येकजण दुबळा नसतो. बदलापूर स्टेशनबाहेर पडलं की नव्या प्रकल्पांचे फलक दिसतात. स्विमिंग पूल, झाडी, स्टेशनपासूनची मिनिटं. फलकाच्या एका कोपऱ्यात क्यूआर कोडचा चौकोन, जो १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं जाहिरातीत सक्तीचा केला. २०१६ च्या रेरा कायद्यानं मंजुरीची कागदपत्रं, कामाची मुदत, दर तिमाहीची प्रगती उघड करायला लावली, आणि ते सगळं त्या चौकोनातून उघडतं. नसण्यापेक्षा हे हजार पटींनी बरं. पण बघा, पूल समरीत आणि मुदत घडीत. बिल्डरला विचाराल तर तोही म्हणेल की हा माझा मजकूर, माझी कडी. इथं ते चालणार नाही, कारण त्या घडीत त्याची अब्रू नसून माझी वीस वर्षांची बचत आहे. जेवणाच्या बिलातल्या त्या ओळीचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ प्रकारच्या 'डार्क पॅटर्न'वर बंदी घातली. किंमत एकदम न सांगता थेंबाथेंबानं सांगणं हा त्यातला एक.

मग पाहिजे तरी काय? मला कांटचा थोडा आधार मिळाला. १७९५ साली शाश्वत शांततेवर लिहिताना त्यानं राज्यकर्त्यांसाठी एक कसोटी सुचवली होती: दुसऱ्यांच्या हक्कांना हात घालणारं जे कृत्य त्यामागचा हेतू चारचौघांत बोलून दाखवल्यावर टिकत नाही, ते अन्यायाचं. कांटच्या डोळ्यांपुढे राजे होते, तह होते. पण घडीला ती छान लागू पडते, कारण घडीला समरीची ओळ असतेच. घडी का घातली ते त्याच ओळीत लिहून बघायचं. 'थकबाकीदार: शेजाऱ्यांनी वाचू नये म्हणून आत.' हे खुशाल लिहिता येतं, थकबाकीदारालाही आणि शेजाऱ्यालाही पटतं. 'ताबा मिळण्याची मुदत: पूल बघून झाल्यावर बघावी म्हणून आत.' लिहील कोणी? आणि आमच्या यादीत, 'बायकोचं नाव: जागा वाचावी म्हणून आत.' हे मी कमिटीसमोर खरंच म्हणून दाखवलं. क्षणभर कोणी बोललं नाही. कमिटीतल्या काकू हसल्या. सेक्रेटरी म्हणाले, "असं नको लिहू रे, बाकी ठेव तसंच."

कमिटीच्या मीटिंगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. अर्धं झालं, अर्धं राहिलं. आडनाव सारखं असलं तर दोन नावं एका ओळीत मावतात, हे करून दाखवल्यावर ते मान्य झालं. '३०४' पुढे आता दोघंही आहेत, आडनाव एकदाच. तीनच्या वर नावं असली तर 'आणि इतर ३' असा आकडा येतो. आकडा मी सोडला नाही. नुसत्या 'आणि इतर'मध्ये किती माणसं मिटली ते कळत नाही, आकड्यानं निदान ती मोजलेली आहेत एवढं तरी कळतं. ओळीत आधी कोणाचं नाव यावं हे ज्या त्या घरानं ठरवावं, ही माझी सूचना फेटाळली गेली. "घराघरांत भांडणं लावशील," असं चेअरमन म्हणाले, आणि एक-दोन घरांबाबत ते खरंही असावं. नाव यादीत आणि शोधात येऊ न देण्याची सोय मात्र झाली, त्या ताईंपुरती नाही, सगळ्यांसाठी, म्हणजे ती कोणी निवडली याचा बोभाटा होत नाही. स्पीड पोस्टचं काय, हे मी विचारून घेतलं. ते निवडणाऱ्याला ठाऊक असेल, असं ठरलं. वॉचमनचा कागद नवा छापला, पान छापताना सगळ्या घड्या आधी उघडतील अशी चार ओळींची तजवीज केली. थकबाकीदार आत गेले. खजिनदारांनी नोटीस बोर्डावरची यादी मात्र काढली नाही. तो बोर्ड माझ्या अ‍ॅपमध्ये येत नाही.

मुलांच्या नावांचं एक गंमतीदार लफडं पुढे येणार आहे. राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावामागोमाग आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. ही मुलं अठरा वर्षांची होऊन फ्लॅटची वारस म्हणून यादीत येतील तेव्हा एका ओळीत दोन नावं बसवण्याचा माझा हिशेब पार कोलमडेल. ज्याच्याकडे तेव्हा हे काम असेल त्याला शुभेच्छा.

सध्या सोसायटीत डीम्ड कन्व्हेयन्सची धावपळ आहे. १९६३ च्या फ्लॅट मालकीच्या कायद्यानं बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. अनेक ठिकाणी ते झालं नाही म्हणून २००८ मध्ये कायदा दुरुस्त करून सोसायटीला परस्पर जिल्हा उपनिबंधकांकडे जाण्याची वाट दिली. इथंही तेच झालंय. ८४ घरं ज्या जमिनीवर उभी आहेत तिच्या सातबाऱ्यावर त्यांच्यापैकी कोणी नाही, 'वगैरे'मध्येही नाही. तिथं अजून जुन्या शेतमालकाचंच नाव आहे, पुढे ती तीन अक्षरं. अर्जाला सगळ्या फ्लॅटधारकांची यादी लागते, प्रत्येक अ‍ॅग्रीमेंटचा इंडेक्स टू लागतो, आणि इंडेक्स टूवर घेणाऱ्यांची सगळी नावं असतात. रविवारी कमिटीच्या खोलीत प्रिंटर लावून आम्ही पूर्ण यादी काढली. एकेक नाव अ‍ॅग्रीमेंटशी ताडून बघायचं काम चार-पाच बायका करत होत्या. कोणाचं माहेरचं आडनाव राहिलेलं, कोणाच्या नावात 'बाई' जास्तीचं, कोणाच्या सहीत एक वेलांटी वेगळी. ज्या ताईंनी नाव बाहेर नको म्हटलं होतं त्यांचा कागद काकूंनी स्वतः तपासला आणि उलटा ठेवला.